वीसपैकी सहा का?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा आता तेवढा वाकत नाही, त्यामुळे नमस्कार कागदावरच घातला आहे. तो पायाशी पोचला असं समज.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जिवात जीव आला. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली असेल तरच हे पत्र स्वतः वाच, नाहीतर भाऊजींकडून वाचून घे. फक्त त्यांना बजावून सांग की कंस गाळायचे नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी कंस गाळून वाचलं आणि माझा सगळा शहाणपणा नेमका कंसात होता. त्यांच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं थांबलं का? थांबलं नसेल तर पत्र शिट्टीसकट वाचू देत, मला चालेल.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशीलच. गेल्या रविवारी फोन केला होता तो हेच सांगायला. तू बावीस मिनिटं बोललीस, मी सात वेळा ‘हो’ म्हणालो, आणि आठव्या ‘हो’च्या आधी तू ‘बरं, ठेवते, दूध उतू जाईल’ म्हणालीस. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तर ताई, तुझ्या भावाच्या वर्गातल्या एका मुलीने असं काही केलं आहे की एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तसं पाहिलेलं नाही. माझी छाती गेले तीन आठवडे फुगलेली आहे आणि सदऱ्याचं वरून दुसरं बटण त्याला साक्ष आहे. या प्रकरणात थोडा माझाही हात आहे. (हात नेमका कुठे आहे ते पुढे कळेल. तिथे पोचेपर्यंत तूही अभिमान बाळगायला हरकत नाही.)

सुरुवातीपासून सांगतो. यंदा शाळा उघडली आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या खोलीत एक माणूस आणून उभा केला. नवाकोरा कोट, गुळगुळीत दाढी आणि कुठल्याही प्रश्नाला टक्क्यांत उत्तर. त्याच्या कंपनीने निबंध तपासणारा एक एआय प्रोग्रॅम काढला आहे. उत्तरपत्रिका एका बाजूने आत घालायच्या, दुसऱ्या बाजूने गुण बाहेर, एका निबंधाला चार सेकंद. गणिताच्या सरांनी विचारलं, चुकतो का? तो म्हणाला, अचूकता चौऱ्याण्णव टक्के. चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, चहा घेणार का? तो म्हणाला, शंभर टक्के. तेव्हापासून आम्ही त्याला ‘टक्केवारी’ म्हणू लागलो आणि त्या यंत्राला ‘तपासनीस’.

आता तुला वाटेल, मराठीचा जुना शिक्षक, याने लगेच दंड थोपटले असतील. ताई, खोटं कशाला सांगू, तपासनीस घ्यायच्या ठरावावर सगळ्यांत आधी सही माझी होती. चार तुकड्या, दोनशे बारा निबंध, दर सहामाहीला. आमच्या जेवणाच्या टेबलाला लाकडाचा रंग आहे हे तुझ्या वहिनीला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं, एकदा मी गठ्ठे उचलले होते तेव्हा. तपासनीस आला आणि मी माणसात आलो. न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला. (आता दोन नळ गळतात, पण हेतू पाहा.) संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो, कुत्र्यांना ओळखू लागलो. सहामाहीचे निबंध झाले, तपासनिसाने गुण दिले आणि मी प्रत्येक निबंधाखाली लाल शाईने ‘तपासले’ असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. दोनशे बारा सह्या, एका दुपारी, मध्ये चहा दोनदा.

वाचलेले निबंध मात्र शून्य.

गुण वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ‘काबरं’ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काबरं म्हणजे नववी ब मधली, खिडकीजवळच्या बाकावरची. तिचं खरं नाव हजेरीपुरतं, शिक्षकांच्या खोलीत सगळे तिला काबरं म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट सांगितली की ती मान तिरकी करून ‘का बरं?’ विचारते. भूगोलाच्या सरांनी तर तिच्यापायी भरती-ओहोटीचा धडा तीनदा शिकवला आणि तिसऱ्या वेळी तो त्यांना स्वतःला समजला. तिच्या हातात निबंध होता. विषय होता ‘माझ्या ओळखीची एक जागा’. गुण वीसपैकी सहा. मी मनाची तयारी केली होती की आता ‘का बरं’ येणार. पण तिने ते विचारलंच नाही. खालच्या आवाजात म्हणाली, “सर, तुम्हाला नाही आवडला?”

ताई, त्या मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं की निबंध यंत्र तपासतं म्हणून. मोठ्या बाईंना वाटलं वर्गशिक्षक सांगतील, वर्गशिक्षकांना वाटलं सूचनाफलकावर लागेल, आणि सूचनाफलकावर पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना होती. मी म्हणालो, अगं, गुण मी नाही दिले, मशीनने दिले. तिने निबंध उलटा केला, माझ्या लाल शाईवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “पण सही तर तुमची आहे.”

मी निबंध ठेवून घेतला आणि तिथेच, व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचला. तिची आई कपड्यांना इस्त्री करते, रस्त्याकडेला एका खोलीचं दुकान आहे, त्या दुकानावर लिहिलेला. तुला चारच वाक्यं उतरवून देतो. “आई उभी असते. इस्त्री फिरते. शर्ट सरळ होतो. आईची पाठ होत नाही.” घंटा झाली ती मला ऐकू आली नाही. (भाऊजींना सांग, यंत्राशिवायही माणूस बहिरा होऊ शकतो.) तपासनिसाचा शेरा खाली छापला होता: वाक्ये अविकसित, शब्दसंपदा मर्यादित, विचारांची जोडणी आढळत नाही. मग पहिल्या आलेल्या मुलाचा निबंध मागून घेतला, एकोणीस गुणांचा. ‘मानवी जीवनात जागेला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ इथून सुरू होऊन अडीच पानं चालला होता आणि त्यात एकही जागा नव्हती.

बरं, हे गुण म्हणजे नुसती शोभा नव्हे. सहामाहीच्या गुणांवरून दहावीची विशेष तुकडी निवडतात. त्या तुकडीला प्रयोगशाळा रोज मिळते, ग्रंथालयाची किल्ली मिळते, बाकीच्यांना बाहेरून काचेतून बघायला मिळतं. काबरं पाच गुणांनी बाहेर राहत होती. म्हणून मी तडक मोठ्या बाईंकडे गेलो. बाईंनी टक्केवारीला फोन लावला. तपासनीस नेमकं काय बघून गुण देतो, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, ते कंपनीचं गुपित आहे. मी म्हणालो, अहो, मुलीला कारण काय सांगू? तो म्हणाला, अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे एवढं सांगा. मी ते काबरंला जसंच्या तसं सांगितलं. तिने जरा विचार केला आणि विचारलं, “मग उरलेल्या सहा टक्क्यांत मी आहे का नाही, हे कोण बघणार?” फोन एव्हाना बंद झाला होता. चालू असता तरी उपयोग नव्हता.

इथून पुढे मी थोडा वाहवत गेलो, हे मान्य करतो. मुलांना घरून सराव करता यावा म्हणून तपासनिसाची एक खिडकी खुली ठेवली होती, पण तिथे हजेरी क्रमांक लागतो आणि शिक्षकांना हजेरी क्रमांक नसतो. नववी ब मध्ये त्रेचाळीस क्रमांक रिकामा होता, तो मुलगा वर्षाच्या सुरुवातीला शाळा सोडून गेलेला. मी त्रेचाळीस झालो. ‘माझ्या ओळखीची एक जागा’ म्हणून शिक्षकांच्या खोलीवर निबंध लिहिला, अगदी जीव ओतून. आठ गुण मिळाले. शेरा: विद्यार्थ्याने अवांतर वाचन वाढवावे. ताई, ज्याने एकतीस वर्षं दुसऱ्यांना अवांतर वाचन वाढवायला सांगितलं त्या माणसाला! मी पुन्हा लिहिला. नऊ. पुन्हा लिहिला, उपमा घातल्या. सात. पाचव्या प्रयत्नाला अकरापर्यंत चढलो आणि आनंदाच्या भरात तुझ्या वहिनीला हाक मारून ते अकरा दाखवले. ती चष्मा लावून म्हणाली, “अकरा? आणि ओरडताय कशाला?”

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. तपासनिसाने त्यांना आपणहून कळवलं होतं: क्रमांक त्रेचाळीस, पाच प्रयत्नांनंतरही प्रगती असमाधानकारक, पालकांना बोलवावे. आणि नववी ब चा वर्गशिक्षक मीच. बाई म्हणाल्या, याच्या आईवडिलांना उद्याच बोलवा. माझ्या तोंडून निघून गेलं की ते हयात नाहीत. (यात शब्दशः खोटं काही नाही, हे तू तरी मान्य करशील.) बाईंचा चेहरा एकदम उतरला. “अरेरे! मग सांभाळतं कोण त्याला?” ‘बायको’ हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता, तो मी गिळला. बाईंनी वहीत लिहून घेतलं की त्रेचाळीस क्रमांकाकडे प्रेमाने लक्ष द्यावे, त्याला ओरडू नये. त्या दिवशी मला स्वतःचीच इतकी दया आली की डबा अर्धा राहिला.

पण मी वेड्यासारखा निबंधावर निबंध लिहीत असताना काबरं काय करत होती ते ऐक, कारण अभिमान तिथे आहे. तिने वर्गातल्या सगळ्यांकडून त्यांचे निबंध मागून घेतले. आईच्या दुकानात इस्त्रीचं लांब टेबल आहे, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेवढ्या वेळात तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ते निबंध गुणांच्या क्रमाने टेबलावर मांडले. आईने एका बाजूला चादर अंथरून दिली, कागदाला डाग पडू नये म्हणून. मग त्या मुलींनी प्रत्येक वाक्यातले शब्द मोजले. प्रत्येक निबंधात ‘तथापि’ किती, ‘किंबहुना’ किती, हे मोजलं. पाच दुपारी नुसतं मोजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गुण देणार नव्हतं. सहाव्या दिवशी तिने मला दुकानात बोलावलं आणि टेबलाकडे हात करून म्हणाली, “सर, ते निबंध वाचतच नाही. ते लांबी मोजतं.”

जसजसं टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावं तसतशी वाक्यं लांबत होती आणि तसतसे गुण वाढत होते. अर्थ कुठेही मध्ये येत नव्हता. खात्री करायला तिने आईच्या नव्या इस्त्रीसोबत आलेली माहितीपुस्तिका सरावाच्या खिडकीत घातली होती. अठरा गुण. त्या पुस्तिकेत ‘तार ओली करू नये’ याहून मोठा विचार नाही. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि इतका हसलो की एका गिऱ्हाइकाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग काबरंने टेबलाखालून आणखी एक गठ्ठा काढला. गेल्या वर्षीचे निबंध, म्हणजे मी हाताने तपासलेले. ते पण तिने मांडून पाहिले होते. म्हणाली, “सर, रागावणार नसाल तर सांगते. ज्यांचं अक्षर सुंदर आहे त्यांना तुम्ही दोन-तीन गुण जास्त देता. आणि शेरा सगळ्यांना एकच आहे. ‘ठीक’.” माझं हसू तिथेच थांबलं. मी ‘ठीक’ एवढं बोलून घरी आलो. (रस्त्यात लक्षात आलं की पुन्हा तेच बोललो.)

गुणांच्या या तक्रारीवरून पालकांची सभा भरली, शनिवारी सकाळी. सभागृह गच्च, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या वर्गातली छोटी बाकं आणली, त्यावर मोठमोठे बाप गुडघे कानाशी घेऊन बसले. व्यासपीठावर मोठ्या बाई आणि टक्केवारी, मागे पांढरा पडदा. मी सात मुद्द्यांचं भाषण लिहून नेलं होतं. त्यात दोन ठिकाणी टाळ्यांसाठी जागाही सोडली होती. पण उठताना वाचायचा चष्मा खिशातून खाली पडला आणि शेजारच्या पालकांनी तो शोधायला मदत म्हणून त्यावर पाय दिला. त्यामुळे मला माझेच मुद्दे दिसेनात. मी पहिलं वाक्य पाठ होतं तेवढं म्हटलं आणि सांगितलं की पुढचं काबरं सांगेल. ताई, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण.

काबरं घाबरली होती. तरी ती पुढे गेली आणि तिने आपला निबंध सभेसमोर वाचला. मग तिने तपासनिसात तो घातला. पडद्यावर सहा. मग म्हणाली, आता मी यात एकही नवी गोष्ट घालणार नाही, नुसते पूर्णविराम काढून तिथे जोडशब्द घालणार. आणि दुसरा कागद वाचला: “आई उभी असते आणि तथापि इस्त्री फिरते, परिणामी शर्ट सरळ होतो, किंबहुना आईची पाठ होत नाही.” चार सेकंदांनी पडद्यावर पंधरा आले. त्याखाली शेरा: विचारांची उत्तम जोडणी.

आधी मागच्या बाकावरचा एक बाप हसला, मग सगळं सभागृह हसलं, बाकं सुद्धा हलली. टक्केवारीने हात वर करून सांगितलं की यंत्र रोज शिकत असतं, पुढच्या वर्षीपर्यंत सुधारेल. तेव्हा काबरंची आई उभी राहिली. बारीक अंगाची बाई, पदर खोचलेला, बोलायची अजिबात सवय नाही. म्हणाली, “साहेब, पोरांची तुकडी या वर्षी ठरणार ना? माझ्या हातून कुणाचा शर्ट जळला तर कुठं जळला ते मी गिऱ्हाइकाला दाखवते. इस्त्रीनं जाळला असं म्हणत नाही.” आणि खाली बसली. टक्केवारीकडे याला टक्के नव्हते.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. “सर, प्रत्येक निबंधाखाली ‘तपासले’ आणि सही आहे. तुम्ही वाचले नव्हते?” ताई, तिथे दीडशे माणसं होती. मला म्हणता आलं असतं की शाळेचा निर्णय होता, सगळ्यांनीच तसं केलं. पण ती बाई आत्ताच शर्टाचं बोलून खाली बसली होती. मी म्हणालो, नाही वाचले, एकही नाही वाचला, सही माझी आणि चूकही माझी. आणि आता सांगतोच आहे तर हेही सांगतो की क्रमांक त्रेचाळीस मीच आहे. बाईंनी वही उघडून पाहिली, मिटली आणि म्हणाल्या, “म्हणजे तो अनाथ मुलगा...” मी मान खाली घातली. त्यांनी चेहरा रुमालाने झाकला. त्या रडत होत्या की हसत होत्या हे चष्म्याअभावी मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर काबरंने आणखी एक गोष्ट केली, जी करायला मी तिला सांगितलं नसतं. ती म्हणाली की यंत्र काढून टाका असं तिचं म्हणणं नाही. माणूस तपासतो तेव्हाही कारण कळत नाही. यंत्राला सगळ्यांचं अक्षर सारखं, सरांना नाही. “गुण कुणीही देऊ दे. का दिले ते आम्हाला कळेल अशा भाषेत लिहू दे. आणि पटलं नाही तर दुसऱ्या कुणीतरी माणसाने वाचावं.” माझ्या अक्षरप्रेमाची लक्तरं दीडशे माणसांसमोर निघाली आणि ताई, माझी मान शरमेने खाली आणि छाती अभिमानाने वर, अशा अवघड स्थितीत मी दहा मिनिटं उभा होतो. गुडघा अजून दुखतो.

सभेने नियम करायचं ठरवलं आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. (कारण शब्दसंपदा! आठ गुणवाल्याची!) त्यात यंत्र कुठे वापरलं हे मुलांना आधी सांगायचं, ते काय बघतं हे फलकावर लावायचं, आणि जे सांगायला कंपनी तयार नसेल त्यावर गुण ठरवायचे नाहीत. कारणाशिवाय गुण नाही, मग देणारा कुणीही असो. वाचल्याशिवाय सही नाही. तक्रार आली तर फेरतपासणी दुसऱ्या शिक्षकाने करायची. टक्केवारीची कंपनी कारणं द्यायला तयार झाली नाही, त्यामुळे तपासनीस आता फक्त ऱ्हस्व-दीर्घ दाखवतो आणि त्यात तो माझ्याहून चांगला आहे, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. विशेष तुकडीची यादी थांबवली, आणि मी दोनशे बारा निबंध नऊ दिवसांत पुन्हा तपासले, प्रत्येकाखाली कारण लिहून. अक्षराचा मोह होऊ नये म्हणून गणिताचे सर मोठ्याने वाचायचे आणि मी डोळे मिटून ऐकायचो. (दोनदा झोपलो. ते दोन निबंध पुन्हा ऐकले.) नव्या यादीत अकरा मुलं वर आली. एकोणीस गुणवाला खाली गेला, पण त्याचे वडील भांडायला आले नाहीत. कारण वाचून म्हणाले, हे मी त्याला दोन वर्षं सांगतोय.

काबरंला मी सतरा दिले. वीस द्यावेसे वाटत होते, हात तिकडेच ओढत होता, पण शेवट घाईत गुंडाळला होता आणि तसं मी पाच ओळींत लिहिलं. गुण वाटले आणि ती आलीच. मान तिरकी. “सर, तीन का कापले?” मी म्हणालो, वाच, खाली लिहिलंय. तिने माझ्या पाच ओळी वाचल्या. मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. मग परत माझ्या ओळी. आणि म्हणाली, “बरोबर आहे.”

एकतीस वर्षांत माझ्या गुणांना कुणी ‘बरोबर आहे’ म्हटलं नव्हतं, ताई. मुलं ‘बरं’ म्हणतात, ‘हो सर’ म्हणतात. ती दोन शब्द बोलून वर्गात गेली आणि मी व्हरांड्यात एकटाच उभा राहून सदऱ्याचं बटण शोधत होतो. तेच ते, वरून दुसरं.

भाऊजींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घाल, आरशात बघून घालू नकोस, बाहेर सांडतं.

तुझा,
धाकटा

ता. क. इथल्या वर्तमानपत्रात सभेचा फोटो आला आहे, कात्रण सोबत जोडलं आहे. मध्ये काबरं आणि तिची आई. उजव्या कडेला जे कोपर दिसतं ते माझं. ओळखीच्यांना दाखवताना त्यावर बोट ठेव, नाहीतर खांब समजतात.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. नियमाचा मसुदा मी फार झोकात लिहिला, पण त्यात मुदत घालायची राहून गेली. ‘शाळेच्या कोणाही विद्यार्थ्यास कारण विचारण्याचा हक्क राहील’ एवढंच लिहिलं. आजी की माजी ते लिहिलं नाही. बातमी छापून आली आणि चौथ्या दिवशी पहिला अर्ज आला. अर्जदार तुझी लेक. चोवीस वर्षांपूर्वी ती नववीत माझ्या वर्गात होती आणि मी तिच्या निबंधाला वीसपैकी नऊ दिले होते, शेरा ‘ठीक’. अर्जासोबत तिने मूळ निबंध जोडला आहे. ताई, तो कागद तिने चोवीस वर्षं जपून ठेवला होता. घडीवर चिकटपट्टी लावलेली आहे. अर्जाची एक प्रत मोठ्या बाईंना गेली आहे आणि त्या रोज मधल्या सुट्टीत विचारतात, ‘झालं का उत्तर?’

शेवटचा ता. क. नियमाप्रमाणे दुसऱ्या शिक्षकाने निबंध वाचला, नाव झाकून. सोळा दिले. मग मीही वाचला. सोळाच आहेत. कारण मी लेखी दिलं आहे, तेच तुला कळवतो: निबंधात खोट नव्हती. मामाने भाचीला जास्त गुण दिले असं कुणी म्हणेल या भीतीने परीक्षकाने सात गुण कापले. हे उत्तर मी टपालाने पाठवणार नाही, रविवारी स्वतः तिच्या घरी घेऊन जाणार आहे. त्याआधी तू एकदा तिला फोन कर आणि राग वीसपैकी किती आहे ते मला कळव. कारण विचारू नकोस. ते मला ठाऊक आहे.